खड्ड्यातला योसेफ आणि पेन्सिलीचे कडवे

गेल्या हनुक्कात आमच्या गावच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये योसेफाचे कीर्तन झाले. दिवस बरोबर निवडला होता, कारण त्याच सुमारास बेत कनेसेतमध्ये योसेफाच्या पाराशा चालू असतात. पदे म्हणायला चार बाया, चौघीही सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्यातलीच एक पेटीवर. तबल्यावर एक काका, त्यांची बोटे आता थंडीत आखडतात. आणि निरूपणाला चौघींपैकी एकीची नात. मुलगी नुकतीच लष्करातून सुटून आलेली. मराठी तिला स्वयंपाकघरापुरते कळते, वाचता मुळीच येत नाही. म्हणून पदे मराठीत आणि निरूपण हिब्रूत, असा बेत ठरला होता.

नमन झाले, पूर्वरंग आटोपशीर झाला, आणि आख्यान सुरू झाले. इथपर्यंत सगळे खुशीत होते. पुढे मिसर देशातला तो प्रसंग आला. बिन्यामीनच्या गोणीत चांदीचा पेला सापडलेला आहे आणि यहूदा पुढे होऊन विनवतो आहे, की या पोराऐवजी मला गुलाम करून ठेवा. तिथे मुलीने आपल्या शब्दांत सांगायचे थांबवले आणि वायिगाशमधले पसूक तोंडपाठ, तआमीमसकट म्हणायला सुरुवात केली. चाल आपल्याच लोकांची, लहानपणापासून आजोबांच्या मांडीवर ऐकलेली. शेवटच्या सुरावर ती थांबली. पेटीवाल्या बाईंनी तोच सूर धरला आणि आजीने त्यावरून मराठी पद उचलले.

चहाच्या वेळी कुरकुर सुरू झाली. एक जण म्हणाले, “हे कीर्तन नव्हे, हा प्रोग्राम झाला.” दुसरे म्हणाले, पोरीच्या जातीने तआमीम म्हणायचे म्हणजे काय? (सेफर समोर नव्हता आणि जागा बेत कनेसेत नव्हती, हे कोणी लक्षात घेतले नाही.) तिसऱ्यांचे म्हणणे, शेवटच्या पदाला सिनेमाच्या गाण्याची चाल लावली, आपल्या वाडवडिलांनी हे चालवून घेतले नसते. आम्हीही त्या घोळक्यात सुफगानिया हातात घेऊन उभे होतो, आणि मान डोलावली होती. मुलगी चार हातांवर कप गोळा करत होती. तिने ऐकले नसेल असे मानण्यात अर्थ नाही. मराठी तिला तेवढे कळते.

हा लेख त्या डोलावलेल्या मानेबद्दल आहे.

वाडवडिलांनी काय चालवून घेतले असते, हे जरा पाहू. आपले कीर्तन काही कोचीनहून किंवा बगदादहून आलेले नाही, आणि नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटली तेव्हा आपल्या पूर्वजांनी ते बरोबर आणले असेही नाही. ते मुंबईत १८८० साली सुरू झाले. हरिदासांची कीर्तने ऐकून आपल्या काही मंडळींना वाटले, की ध्रुवबाळाची आणि हरिश्चंद्राची गोष्ट अशी रंगते, तर आब्राहाम आबीनूची का रंगू नये? बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या पहिल्या कीर्तनकारांतले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पूर्वरंग घेतला, उत्तररंग घेतला, ओवी, साकी, दिंडी, आर्या सगळे घेतले. मूर्ती आणि अवतार तेवढे बाहेर ठेवले. त्याच १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. साक्या आणि दिंड्या तिकडेही होत्या. आमच्या घरच्या वह्यांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे नाटकातल्या पदाचे नाव दिलेले आहे. त्या काळचे नाटकाचे पद म्हणजे आजचे सिनेमाचे गाणेच. वाडवडिलांनी चालवून घेतले नसते म्हणता? ही वाट त्यांनीच पाडली.

सर्जनशीलता हा शब्द आपल्या पिढीला थोडा जड वाटतो. इथे त्याला येत्सिरातियूत म्हणतात, आणि नगरपालिका आम्हा म्हाताऱ्यांसाठी त्याचे वर्गही भरवते. मातीकामाच्या वर्गात आम्ही बारा जणांनी बारा अगदी सारख्या वाट्या केल्या. बाईंनी बाराही जणांना शाबासकी दिली. तरी शब्द चांगला आहे, आणि त्याच्या मुळाशी मातीच आहे. बेरेशीतच्या पहिल्या वाक्यात क्रियापद येते ‘बारा’. निर्माण करणे या अर्थाने तनाखमध्ये ते देवाच्याच नावावर आहे, माणसाला ते कधी लावलेले नाही. दुसऱ्या अध्यायात मात्र देव धुळीतून आदाम घडवतो, तिथले क्रियापद ‘यात्सार’. हे माणसालाही चालते. कुंभाराला हिब्रूत म्हणतात योत्सेर. यिर्मयाला देवाने कुंभाराच्या घरी पाठवले ती गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. चाकावरचे भांडे बिघडले, तेव्हा कुंभाराने माती फेकून दिली नाही, तीच घेऊन दुसरे भांडे केले. यिर्मयाला त्यातून वेगळा धडा घ्यायचा होता. आम्हाला इथे फक्त कुंभाराचे हात पाहायचे आहेत. माती तीच आणि भांडे दुसरे, एवढीच माणसाची येत्सिरा. आमच्या लोकांनी नेमके हेच केले आहे, आणि कीर्तनातच नव्हे.

आपल्या आज्यांनी सणांना दिलेली नावे आठवा. रोश हशाना हा शब्द त्यांच्या कानावर यायच्या कितीतरी आधी तो नव्याचा सण होता. किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घ्यायची. तिशा बेआवचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. कोकणातले वाल, फारसीतून आलेला रोजा आणि यरुशलेमच्या मंदिराचे दुःख, तिन्ही दोन शब्दांत. पेसाहला अनाशी ढाकाचा सण म्हणत, म्हणजे आंबट रशाचे भांडे झाकून ठेवायचा सण. ज्या बाईने हे नाव पहिल्यांदा उच्चारले तिच्यापाशी हग्गादा नव्हती. चूल होती आणि त्या चुलीजवळ आंबवणाचे भांडे होते. पुढे हग्गादाही आली. १८७४ साली पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा पाहा. तिच्या चित्रात मत्सा करणाऱ्या बायका आपल्याकडच्या बायकांसारख्या नेसलेल्या आणि बसलेल्या आहेत. मिसरमधून निघालेल्या बाया कोकणातल्या दिसतात याची चित्रकाराला लाज वाटली नाही. आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, ते काम तर असे की त्यावाचून आपल्या आजोबांना आपण देवाशी काय बोलतो हे कळलेच नसते.

आता पुन्हा मोआदोनमध्ये येऊ. त्या संध्याकाळचे सगळ्यांत चांगले पद कोणते होते? आमच्या मते खड्ड्यातल्या योसेफाचे. हे जुने पद आहे, मुलीचे नाही. पण ते चांगले का, हे नीट पाहायला हवे, कारण उत्तर तिथेच आहे.

तोरात योसेफाला खड्ड्यात टाकतात त्या जागी योसेफ एक शब्दही बोलत नाही. खड्डा रिकामा होता, त्यात पाणी नव्हते, एवढे सांगितले आहे. आणि पुढे भाऊ भाकरी खायला बसले. बस्स. पाच अध्याय गेल्यावर, मिसर देशात अडचणीत सापडलेले भाऊ आपसांत म्हणतात, की तो आपल्याला गयावया करत होता आणि आपण ऐकले नाही. म्हणजे तो बोलला होता! तोराने ते बोलणे तेव्हा दिले नाही, भावांच्या पश्चात्तापात दिले. आपल्या जुन्या कीर्तनकाराने ही मोकळी जागा पाहिली आणि तिथे पद घातले. योसेफ खालून एकेका भावाला नावाने हाक मारतो. रूबेनला वेगळ्या नात्याने, शिमोनला वेगळ्या. आणि वर भाकरीचा वास सुटला आहे. पसुकातला एक कोरडा शब्द, भाकरी, पदात येऊन भूक झाला. आपल्या हाखामांनी मिद्राशात हेच केले आहे. जिथे तोरा गप्प बसते तिथे कान लावायचा. अष्टमीच्या नाहीतर दिव्याच्या कोणा माणसाने तेच केले, फक्त साकीत.

या पदाच्या तीन वह्या आमच्या हाताशी आहेत. एक आमच्या घरची, दोन शेजारच्या. कीर्तनानंतर, चहाची ती कुरकुर मनात असताना, आम्ही त्या मेजावर शेजारी शेजारी मांडल्या. मूळ पद कोणते ते एकदाचे ठरवावे म्हणून. पहिलीत सहा कडवी, दुसरीत पाच. पहिलीत जिथे ‘बंधू’ आहे तिथे दुसरीत ‘दादा’ आहे, आणि गाऊन पाहिले तर दादाच बरा वाटतो, खड्ड्यातले पोर बंधू म्हणून हाक मारत नाही. तिसऱ्या वहीत सहा कडवी शाईने लिहिली आहेत आणि त्यांच्याखाली सातवे, पेन्सिलीने. या कडव्यात योसेफ भावांना हाका मारून थकतो आणि आईला हाक मारतो. राहेल तर तेव्हा जिवंत नाही, बेथलेहेमच्या वाटेवर गेली. हाक मारताना त्याला ते आठवते, आणि तो गप्प होतो. कडवे तिथेच संपते, शेवटचे यमकसुद्धा जुळलेले नाही.

वही एका रेवदंड्याकडच्या घराण्यातली. अक्षर बाईमाणसाचे वाटते. कोणाचे ते त्या घरातही कोणाला सांगता येत नाही. तिने ते कधी गायले का, की नुसते लिहून वही फळीवर ठेवली? आम्हाला विचाराल तर आख्ख्या आख्यानात यापेक्षा चांगल्या चार ओळी नाहीत. आणि गेली कित्येक वर्षे त्या कोणी म्हटल्या नाहीत, कारण त्या ‘मूळच्या’ नव्हेत.

इतके बोलल्यावर परवाच्या कीर्तनाचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मुलीवर उपकार केल्यासारखे होईल. तिला उपकार नकोत, परीक्षण हवे. पहिला दोष, ती प्रत्येक पदानंतर त्याचा सगळा अर्थ हिब्रूत उलगडून सांगत होती. त्याने पद मरते. पदाच्या आधी दोन वाक्यांत वाट दाखवावी आणि बाजूला व्हावे. दुसरा, इश्माएली व्यापाऱ्यांना विकण्याचा प्रसंग तिने घाईत उरकला, जणू बस चुकणार होती. वीस रुपयांना, म्हणजे वीस शेकेल चांदीला, भाऊ विकला जातो, तिथे श्रोत्याला थांबू द्यायला हवे. तिसरा, शेवटची चाल. ती सिनेमाची होती हा दोष नव्हे. लय चुकली हा दोष. याकोब फारोपुढे उभा राहतो तेव्हा एकशे तीस वर्षांचा आहे. इतक्या वर्षांच्या माणसाचा आनंद त्या ठेक्यावर नाचत येत नाही, काठी टेकत येतो. तबल्यावरच्या काकांना हे कळले होते, ते मागे ओढत होते, आणि पोरगी पुढे पळत होती.

आणि दोष काही एकटीचे नाहीत. आमच्या चौघी बायांनी दीड तासात वहीतून डोके वर काढले नाही. कीर्तन हे श्रोत्याच्या तोंडाकडे पाहून करायचे असते. खड्ड्याचे पद इतके घोटलेले होते की ते गाताना कोणाचा भाऊ खड्ड्यात आहे असे वाटत नव्हते. जुने ते आम्ही इतके जपले आहे की त्याला आता हात लागत नाही.

या जपण्याला कारण आहे, ते विसरून चालणार नाही. आम्ही इथे आलो तेव्हा रामलेत, लोदमध्ये, दिमोनात, बेर शेवात पोरांना कामाला आणि शाळेला लावताना मराठी आवाज आपोआप खाली गेला. शेजारी विचारत, ही कुठली गाणी? पुढे आमच्या लग्नांवरून, आम्ही पुरते यहुदी आहोत की नाही यावरून प्रश्न उठले. १९६४ पर्यंतचा तो झगडा वाचकांपैकी अनेकांनी यरुशलेमच्या रस्त्यावर बसून पाहिला आहे. अशा वेळी माणूस नवे काही करून पाहत नाही. आपण इतरांसारखेच आहोत हे दाखवण्यात त्याची ताकद जाते. पेटी पलंगाखाली गेली. पुढे जेव्हा ती पुन्हा बाहेर काढली, तेव्हा आम्ही तिला पेटी म्हणून वाजवले नाही, पुरावा म्हणून मांडले. आणि पुराव्यात फेरफार करायचा नसतो. ती सवय अजून सुटलेली नाही, जरी आता आमच्याकडे कोणी पुरावा मागत नाही.

तिचा एक हिशेब आमच्या नावावर आहे. फार वर्षे झाली. एका घरी मलिदा होता. पोहे, नारळ, फळे ताटात मांडून झाली होती, एलियाहू हन्नाबीची गाणी म्हणून झाली होती. घरचा मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा, म्हणाला मी एक केले आहे, म्हणू का? त्याने खिशातून कागद काढला. हिब्रू गाणे, चाल आपल्या जुन्या गाण्याची. खंडाळ्याच्या खडकावरचा घोड्याच्या टापेचा ठसा, आणि तोच घोडा आता इथल्या नेगेवमध्ये टापा शोधतो आहे, असे काहीतरी होते. कल्पना कच्ची होती, पण होती. आम्ही काय केले? शांतपणे ऐकले आणि त्याच्या तीन चुका सांगितल्या. एक व्याकरणाची, एक चालीची, आणि एक ही की मलिद्याला हिब्रूत नवीन गाणे म्हणायची रीत नाही. सगळ्या चुका खऱ्या होत्या. मुलाने कागदाची घडी केली. त्याचे दुसरे गाणे आम्ही ऐकले नाही. आज तो कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मलिद्याला येतो, मागच्या खुर्चीवर बसतो.

मग १८८०च्या मंडळींजवळ असे काय होते जे आमच्याजवळ नाही? प्रतिभा म्हणावी तर ती त्या खिशातल्या कागदातही होती. त्यांच्याजवळ मंडळी होती. कीर्तन एकट्याच्या बळावर उभे राहत नाही. पद रचणारा, पेटी धरणारा, झांजेला पोरे, आणि समोर मांडी घालून बसलेले लोक, जे पहिल्या दिवशी चूक काढायला आलेले नसतात, आब्राहामाचे पुढे काय झाले ते ऐकायला आलेले असतात. आब्राहामाचे पुढे काय होते हे प्रत्येकाला ठाऊक होते, तरी ते बसले. पहिल्या कीर्तनात चुका नव्हत्या असे थोडेच आहे! पण दुसरे झाले, तिसरे झाले, गोष्टींमागून गोष्टी कीर्तनात आल्या.

शेमोतमध्ये बेत्सालेलची गोष्ट आहे. मिश्कानचे सगळे काम ज्याच्या हाती दिले तो कारागीर. देवाने त्याला बुद्धी दिली, समज दिली, सोने, तांबे, लाकूड, रत्ने घडवण्याचे कसब दिले. एवढ्यावर यादी थांबत नाही. दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही त्याच्या मनात घातली, असे तोरा वेगळे नोंदवते. लगेच आधी बायकांचा उल्लेख आहे, बकऱ्यांचे केस कातणाऱ्या, त्यांना कोणी नाव दिलेले नाही. आम्ही पूर्वी हा भाग वाचताना सोन्याचे मोजमाप मोजत असू.

शिकवणे म्हणजे मात्र आम्ही केले तसे चुका दाखवणे असेल तर ते आम्हाला फार चांगले येते. पेटीवाल्या बाईंनी त्या संध्याकाळी वेगळे काही केले. मुलगी पसूक म्हणत थांबली तेव्हा तिचा सूर कुठे सुटतो ते त्यांनी ऐकले आणि तिथून पट्टी धरली. याचा सराव झाला होता का, असे आम्ही नंतर त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “सराव कसला? पोर उघड्यावर उभी होती, तिला एकटी कशी सोडायची?”

दोन आठवड्यांनी आम्ही तिसरी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. नात होती. चहाच्या वेळी काय बोललो ते आम्ही तिला सांगितले, आणि तिला ते माहीत होते. मग आजीने पेन्सिलीचे कडवे वाचून दाखवले, मुलीने हिब्रूत अर्थ विचारला, ‘आई’ या शब्दाशी दोनदा थांबवले. हे कोणी लिहिले, असे तिने विचारले. आम्हाला सांगता आले नाही. तिने फोनवर त्या पानाचा फोटो काढला आणि देवनागरीतले ‘आ’ कसे काढतात ते आजीकडून कागदावर गिरवून घेतले. ते उलटे आले.

पुढचे कीर्तन तू बिशवातच्या मलिद्याच्या आधी करायचे ठरते आहे. आख्यान रूथचे. रूथची जुनी पदे आमच्या तिन्ही वह्यांत नाहीत. कोणाच्या घरी असली तर वही घेऊन यावे, फाटकी असली तरी चालेल. नसली तर पदे नव्याने करावी लागतील, आणि त्यासाठी दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मोआदोनच्या मागच्या खोलीत बसायचे आहे. पेटी तिथेच ठेवली आहे. ज्यांना मराठी लिहिता येते त्यांची फार गरज आहे. तबल्यावरच्या काकांनी खोलीत हीटर लावून देण्याची अट घातली आहे, ती मान्य झाली.